मागं कोण बसलंय

टीव्हीवर कोणी बोलायला लागलं की तात्या त्याच्याकडे कधीच बघत नसत. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत. मोठे पुढारी झेंडावंदनाचं भाषण करोत नाहीतर कोणी बाई सतार मांडीवर घेऊन बसो, तात्यांची नजर मागं. "अगं, बोलनारा बोलतोयच, त्याला त्याचाच पगार हाय. मागं कोन बसलंय ते बघ," असं ते मला म्हणत. मी बघे. मागं कोणी जांभई देत असे, कोणी मफलर सारखा करत असे, कोणी कॅमेरा आपल्यावर आलाय हे कळून उगाच शहाण्यासारखा चेहरा करत असे. तात्या एकेक चेहरा निवडून बाजूला ठेवत, तांदळातले खडे वेचावेत तसा.

त्यांना ही सवय कोणी लावली ते सांगायला मला जरा वेळ लागेल. धीर धरा. मी तर चाळीस वर्षं धरलाय.

तात्या आमचे उत्रोलीतले शेजारी. दोन घरांच्या मध्ये एक पेरूचं झाड, एवढंच अंतर. उंच, काटक, उजव्या हाताची करंगळी भात कापताना विळ्यानं गेलेली. बोलणं असं की चार आणे किमतीच्या गोष्टीलाही बारा आणे जोर लावायचा. आमच्याकडे टीव्ही बघायला येताना स्वतःचं पोतं काखेत मारून येत आणि उंबऱ्याच्या आत, दाराला पाठ लावून बसत. सतरंजी दिली तर नको म्हणत. "लोकाच्या सतरंजीवर बसलं की लोकाचं ऐकून घ्यावं लागतंय."

मी मूळची मार्गासनीची. लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि अंगात अक्कल सोडून सगळं होतं. केसांना लाल रिबीन लावायची, कोणी काही बोललं की त्याला उत्तर दिल्याशिवाय भाकरी गिळायची नाही, आणि उत्तर दिलं की आपण फार हुशार अशा थाटात दिवसभर फिरायची. आज ती पोरगी समोर आली तर मी तिची रिबीन ओढून तिला पंपावर पाणी भरायला उभी करेन.

पंपावर माझी पहिली मैत्रीण झाली ती तात्यांची सुमन. आई नसलेली, मोठ्या भावाच्या पाठची. काहीही लक्ष देऊन बघायचं तर मान एका बाजूला वाकडी करून बघायची, कोंबडीसारखी. मला घागर कमरेवर नीट घेता येत नव्हती, ते तिनं शिकवलं, आणि सासूबाईंना कळू दिलं नाही. त्याच वर्षी श्रावणात ती कामथडीच्या एका टेम्पोवाल्याबरोबर गेली. मुलगा दुसऱ्या जातीचा. लग्न करून मग चिठ्ठी पाठवली.

तात्यांनी चिठ्ठी मुलाकडून वाचून घेतली. मग आळीतल्या सगळ्यांदेखत पंपावर दोन बादल्या भरल्या आणि धोतरासकट डोक्यावर ओतून घेतल्या. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी आंघोळ. "झालं," ते म्हणाले. "त्या नावाचं आता आमच्यात कुनी न्हाई." त्यानंतर ते नाव आळीत कोणी उघड घेतलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीत आमच्याकडे टीव्ही आला. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. आळीतला पहिला. ह्यांनी अँटेना सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडे तोंड करून कौलांवर बांधली, आणि संध्याकाळी आमची ओटी अशी भरायची की माझे सासरेच बाहेर उभे. एकटे तात्या तेवढे येत नसत. जाता-येता दारातून शेरा मारत. एकदा सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "मार्गासनीची पोर लई नाजूक. भात लावाया बोलवा, कंबर दुखती. डब्याम्होरं बसवा, दिसभर हालत न्हाई."

बायका हसल्या. माझ्या सासूबाई सगळ्यांत जास्त हसल्या.

आता ती रिबीनवाली गप्प बसते होय? दोन दिवस मनात घोळवलं. तिसऱ्या दिवशी तात्या पेरूखाली दोरी वळत बसले होते, आजूबाजूला कोणी नव्हतं. मी कुंपणापाशी गेले आणि अगदी सहज म्हणाले, "तात्या, काल टीव्हीत तुमची सुमन दिसली."

दोरी वळायची थांबली.

"शेतीच्या कार्यक्रमात," मी एका दमात पुढं म्हणाले. "कुठलंसं प्रदर्शन होतं. गर्दीत मागं उभी होती, मान वाकडी करून. हिरवी साडी. कडेवर मूल होतं."

वाटलं होतं, ते भडकतील, चार शिव्या देतील, मग मीही दोन ऐकवेन. ते उठले. करंगळी नसलेला हात धोतराला पुसला. "कंच्या वेळंला असतोय त्यो कार्यक्रम?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पोतं घेऊन आले.

पहिले काही महिने फक्त शेतीच्या कार्यक्रमाला येत. कीड कशी मारायची, खत किती टाकायचं, ते सगळं जन्मभर केलेला हा माणूस. त्याला ऐकायचं नव्हतंच. कार्यक्रमात गाव दाखवलं, मेळावा दाखवला की पोतं सोडून गुडघ्यावर येत. मग त्यांच्या लक्षात आलं की गर्दी फक्त शेतीच्या कार्यक्रमात नसते. तेव्हापासून रविवार पूर्ण त्यांचा झाला.

सकाळच्या भजनाला पोतं पसरायचं ते संध्याकाळच्या बातम्या झाल्या की उचलायचं. देवांच्या मालिकेला अख्खी आळी हात जोडून बसायची. तात्या देवाला सोडून दरबारात भाले धरून उभ्या असलेल्यांकडे बघायचे. मग शाळेच्या पोरांचे प्रश्नोत्तरांचे खेळ. मग कुठल्या तरी लांबच्या राज्याचं लोकनृत्य. दुपारी बहिऱ्यांसाठी हातवाऱ्यांच्या बातम्या. त्यात बाईच्या मागं नुसता पडदा, म्हणून तेवढ्या वेळात ते बाहेर जाऊन तंबाखू मळून येत. मग भलत्याच भाषेतला सिनेमा. बोलणं कळायचं नाही, खालची अक्षरं वाचता यायची नाहीत, पण बाजाराचा किंवा फलाटाचा देखावा आला की तात्या ताठ. क्रिकेट असलं तर विचारूच नका. चेंडू गर्दीत गेला की कॅमेरा मागं पळायचा आणि तात्या ओरडायचे, "आरं थांब की जरा! दम धर!" ह्यांना वाटायचं, तात्यांना खेळाचं वेड लागलं.

मधेच चित्र जायचं आणि व्यत्ययाची पाटी यायची. आम्ही उठून कामाला लागायचो. ते पाटीसमोरही बसून राहत. मी म्हणे, "बंद करू का, तात्या?" ते म्हणत, "ऱ्हाऊ दे. आपन उठायचं आन नेमकं तवाच दाखवायचं."

मी कितीदा ठरवलं, आज सांगायचं. चहा घेऊन जायची. ते कप हातात घेऊन हळूच विचारत, "पोरगा व्हता का पोरगी गं, कडंवर?"

"टोपडं होतं, तात्या. कळलं नाही."

"बाळसं व्हतं का?"

"चांगलं होतं," मी म्हणे. काय करू? ते असे बघायचे की तोंडातून खरं बाहेरच यायचं नाही. सुमनला शोधायला निघायचं सोडून मी आपली रंग भरत बसले. एकदा मात्र ह्यांना कामथडीला पाठवलं. घराला कुलूप होतं. टेम्पो विकून दोघं सुरतेकडे गेली, असं एक शेजारी म्हणाला. दुसरा म्हणाला, कोल्हापूरकडे. ह्यांनी परत येऊन मला सांगितलं, मी ते पोटात ठेवलं, आणि झाला आमचा शोध.

पुढं ते मूल वाढायला लागलं. माझं नव्हे, माझी दोन वेगळी. ते टोपड्यातलं. तात्या त्याच्या वयाचा मनात हिशेब ठेवत. एका प्रजासत्ताक दिनाला शाळेची पोरं कवायत करत गेली तेव्हा म्हणाले, "आता एवढं झालं आसंल." मग काही वर्षांनी जवानांची रांग गेली तेव्हा म्हणाले, "पोरगा आसंल तर त्यो बी एखांद्या वक्ती..." आणि पूर्ण रांग संपेपर्यंत पापणी हलवली नाही. त्यांचा तो नातू मी पेरूच्या झाडाखाली एका दमात जन्माला घातला होता. तिरसटपणानं. रिबीन सारखी करत.

आमच्याकडे रंगीत टीव्ही आला. अँटेना उतरली, तबकडी बसली, शंभर वाहिन्या आल्या. माझ्या सुनेला तिच्या मालिका हव्या असत, पण दुपार तात्यांची हे तिनंही मान्य केलं. त्यांना सरकारी वाहिनीच लागे. "हितंच दिसली व्हती, तर हितंच दिसंल." त्या वाहिनीवर आता गर्दीचं काही फारसं नसे, एक माणूस खुर्चीत बसून दुसऱ्याला प्रश्न विचारी. तात्या त्यांच्या मागच्या कुंडीतल्या झाडाकडे बघत बसत. माझ्या नातीनं एकदा मोबाईलवर सुमनचं नाव टाकून दिलं. नावाच्या बायका ढीगभर निघाल्या, सगळ्यांनी स्वतःचे फोटो स्वतःच काढलेले. तात्यांनी पाच-सहा बघितले आणि मोबाईल परत दिला. "ह्यात मागं कुनीच न्हाई गं," म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. पोतं घेऊन येणं थांबलं. पहिल्या रविवारी मी रिकाम्या उंबऱ्याकडे बघत अख्खी दुपार काढली, आणि मग उठले. साठी ओलांडलेल्या बाईला लाज वाटायची तेवढी वाटून झाली होती. उन्हं कलली होती. त्यांचा मुलगा खाचरात, सून परड्यात. मी खाटेशी बसले आणि म्हणाले, "तात्या, एक सांगायचंय. सुमनचं."

त्यांनी डोळे उघडले. "हिरवं लुगडं," म्हणाले.

"तेच. ते तात्या..."

"हिरवं म्हनली व्हतीस. आन डबा तर काळा-पांढरा व्हता तुमचा."

चाळीस वर्षांत माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर मी हिरवी साडी बघितली होती, आणि वर स्वतःला हुशार समजत होते.

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच दिशी. रातच्याला जेवाया बसलो, तवा."

"मग माझ्या कानाखाली का नाही मारलीत? विचारलं का नाही?"

तात्यांनी पांघरूण छातीवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "इचारलं आसतं तर तू खरं सांगितलं आसतंस."

मी रडायला लागले. त्यांनी हात उचलून दाराकडे केला. "जा. बातम्यांची येळ झाली. कुनी आलं मागं तर ध्यान ठेव."

मी घरी येऊन टीव्ही लावला. कुठल्या तरी पुलाचं उद्घाटन होतं. मागं पुष्कळ माणसं होती.

चार दिवसांनी तात्या गेले. सुमनला कळवायचं तर कुठं, हे कोणालाच माहीत नव्हतं. दहाव्याला आम्ही सगळे नीरेच्या काठी जमलो. पिंड ठेवला, मागं सरकलो. कावळा समोरच्या फांदीवर येऊन बसला आणि खाली येईना. मुलगा पुढं होऊन म्हणाला, "तात्या, जमीन इकनार न्हाई." कावळा तिथंच. सून म्हणाली, "म्हस सांभाळू." तिथंच. म्हाताऱ्याचं मन कशात अडकलंय, यावर कुजबूज सुरू झाली; सुमनचं नाव मात्र कोणीच घेतलं नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "काकी, तुमी बोला. तुमच्या दारात बसायचे त्ये."

मी पुढं झाले. हात जोडले. तेव्हा जे घडाघडा बोलून गेले होते, ते बोलायला या वेळी घसा साफ करावा लागला.

"तात्या, सुमन दिसली," मी म्हणाले. या खेपेला रंग सांगितला नाही.

कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि तो जागचा हलला नाही. ऊन चढलं. लोकांना कामं होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि सगळे कपडे झटकून उठले.

निघताना मी सवयीनं मागच्या रांगेकडे बघितलं. सगळी ओळखीचीच माणसं होती.