दीड कोयत्यांची गोष्ट

सुंदरराव चाळीस वर्षं शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचे गटसचिव होते आणि निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. नांदूरघाटच्या आसपास कुणाला टँकर हवा असो की चारा छावणी, अर्ज त्यांच्याच ओसरीवर लिहिला जाई. त्यात अर्जदार नेहमी गरीब, होतकरू आणि ‘आपला नम्र’ असे. गावातले दोन बागायतदारसुद्धा त्यांच्या अक्षरात कित्येकदा गरीब होऊन गेले होते.

त्या दुष्काळी सालच्या आषाढात धुळाजीची शिवकन्या त्यांच्याकडे आली. पोरगी बारावीत. पुण्याकडच्या एका कॉलेजात बारावीनंतरचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट होतं. फक्त अर्जासोबत स्वतःबद्दल पाचशे शब्दांचा निबंध हवा होता. मराठीत चालणार होता. मुदत डिसेंबरअखेर.

"मग आत्ताच कावून आलीस?" सुंदररावांनी विचारलं.

या बाबतीत त्यांचा अनुभव पक्का होता. पहिल्या दिवशी दिलेला अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो. शेवटच्या दिवशी दिलेला साहेबाच्या हाताला आधी लागतो. शिवकन्येनं समजावलं की हा अर्ज मोबाईलवरून जातो, तिथं गठ्ठा नसतो. शिवाय श्रावणात अर्ज करणाऱ्यांना उत्तर दसऱ्याआधी मिळतं. दसऱ्यानंतर आईबाप ऊसतोडीला जाणार. जागा मिळाली तर तिनं बारावीसाठी आत्याकडे मागं राहायचं, नाही तर टोळीबरोबर चालायचं, असं धुळाजीनं सांगून ठेवलं होतं. गठ्ठा नसतो हे सुंदररावांना पटलं नाही, पण दसरा पटला.

त्यांनी लगोलग मसुदा करून दिला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की’ इथून त्याची सुरुवात होती. शिवकन्येनं तो दोनदा वाचला.

"आबा, ह्यात मी न्हाई. माझ्या जागी बोअरवेल लिवली तरी चालंल."

मग ती स्वतःच लिहून आणू लागली. चौथ्या खेपेला कागदावर असं होतं : ‘दहावीनंतर एक वर्ष मी शाळेत नव्हते. मुकादमानं आमच्या घराचे दीड कोयते धरले. त्यातला अर्धा मी.’ नवरा-बायको मिळून एक कोयता आणि सुटं माणूस अर्धा, हा हिशोब इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पुण्याचं काय?

"ते म्हणतील, पोरगी हाय का हत्यार? आन् वर्षाचा खंड कुणी आपल्या तोंडानं सांगतं व्हय?"

"म्हणू द्या. इचारतील तरी."

सुंदररावांनी लाल पेनानं त्या ओळी खोडल्या आणि उरलेला निबंध वाचला. त्यात आता एक गरीब व होतकरू मुलगी उरली होती. असल्या मुली त्यांनी शेकड्यांनी लिहिल्या होत्या. मग त्यांनी खोडलेल्या ओळींशेजारी समासात ‘कायम ठेवावे’ असा शेरा मारून सही केली, तारीख टाकली. शिक्काही मारला असता, पण तो सोसायटीत जमा होता.

भाद्रपदात मुलाखत मोबाईलवरच झाली, सुंदररावांच्या ओसरीवर. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, उरलेला अर्धा कोयता कुठं असतो?

"तो नसतोच, मॅडम. एकटं माणूस आमच्याकडं अर्धंच धरतात."

रेंज गेली असं समजून सुंदरराव मोबाईल घेऊन अंगणात निघाले होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, सांगा, अजून सांगा. पुढचा पाऊण तास त्या दोघी बोलत होत्या आणि सुंदररावांचा चहा गार होत होता.

घटस्थापनेला उत्तर आलं. जागा पक्की. छबुबाईनं, म्हणजे शिवकन्येच्या आईनं, आळीभर साखर वाटली. साखर आपणच तोडलेल्या उसाची आहे, असं ती प्रत्येक हातावर चिमूट ठेवताना सांगत होती. ते खोटं ठरवायला कुणाकडे काही पुरावा नव्हता. संध्याकाळी मुकादम बद्रीनाथ टोळी ठरवायला आला, तेव्हा धुळाजी छाती काढून म्हणाला, "यंदा एकच कोयता."

बद्रीनाथनं कुरकुरत कारण विचारलं आणि निबंधाची सगळी हकीकत ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सहावीतल्या लेकीला घेऊन सुंदररावांच्या ओसरीवर हजर.

"आबा, लवकर सुरवात केल्याली बरी म्हणतेत. हिचा निबंध लिवून टाका."

"हिनं काय केलंय?"

"अजून तर काय न्हाई."

"मंग तिला करू दे काहीतरी," सुंदरराव म्हणाले, "तवर तू चहा घे."