आरशातून उगवलेली मिशी

मंगळवारी रत्नागिरीत कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये इंटरव्ह्यू होता. पोस्ट लॅब अटेंडंटची. ही हुकली तर मुंबईला काकांच्या गोडाऊनवर, असं आईने परस्पर फोन करून ठरवलेलं. आणि मला तर रत्नागिरी सोडायची नव्हती...

वेळ होता म्हणून मिरकरवाड्याला बोटी बघायला गेलो. तिथे शाळेतला मित्र इम्तियाज भेटला, घरीच घेऊन गेला. त्याच्या अम्मीने तारली तळलेली, चवीला झकास पण काटेच काटे असलेली मासळी... मग काय, रिक्षा करून कसाबसा वेळेत पोचलो, दाढेत काटा घेऊन.

लॅबमध्ये कुणीच दिसेना. टेबलावर प्लायवूडची मोठी फळी उभी, तिच्यात वहीएवढा आरसा बसवलेला. केस चापले, मग आ वासला आणि सेफ्टी पिनने काटा शोधायला लागलो.

काटा सापडणार एवढ्यात आरशातला माझा चेहरा फिका पडायला लागला. वाटलं, चक्कर येतेय... तर नाकाखाली मिशी उगवली. पांढरी. मग चष्मा आला. बघता बघता आरसा गेला, राहिली नुसती काच, आणि काचेपलीकडे रबरी नळी धरून वाकलेले, इंटरव्ह्यू घेणारे सर. माझा आ तसाच.

सर शांतपणे म्हणाले, "बांगडा?"

"तारली, सर."

"मग छळणारच."

मग त्यांनी समजावलं. काचेवर धातूचा अगदी पातळ थर असतो. हायड्रोजन मिसळलेला गॅस सोडला की तो पारदर्शक होतो, हवा लागली की परत आरसा. कुठल्याशा मोठ्या लॅबमधल्या मित्राने त्यांना नमुना दिलेला.

मी इंटरव्ह्यू विसरलोच. म्हटलं, सर, परत करा ना. तीन-चारदा झालं. नळीकडचा कोपरा आधी साफ होतो, वरचा डावा कोपरा हटून बसतो, हे मी त्यांना सांगत होतो. ते कायम मागे बसलेले, समोरून कसं दिसतं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. म्हणून नळी माझ्या हातात देऊन ते पुढे गेले.

मी गॅस सोडला. काच साफ झाली... सर खिशातल्या कंगव्याने मिशी विंचरत होते.

आम्ही दोघेही हसत सुटलो. बारावीचा माझा निकाल त्यांनी नंतर पाहिला, जरा खोकले आणि म्हणाले, "सोमवारपासून ये."

आईनेच काकांना परत फोन करून 'तो येत नाही' असं कळवलं.

इंटरव्ह्यूला माणूस आपलं चांगलं तेवढंच दाखवतो म्हणे. आम्ही एकमेकांचं उरलेलंच आधी पाहून घेतलं... थँक्यू, सर.