शिंगाड्याच्या तळ्यातले गवत्या

२९ जुलै. आजचं काम: मऊरानीपूरच्या पुढे एका गावतळ्यात मत्स्यबीज सोडणे.

जीपमध्ये ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. त्यांत बोटभर लांबीची माशांची पिल्लं, आमच्या मत्स्य खात्याच्या भाषेत बोटुकली. ऊन तापायच्या आत ती पाण्यात जायला हवी होती. तळ्याचा पट्टा, म्हणजे मासे धरायचा सरकारी हक्क, हरप्रसाद रैकवारांच्या नावे. ते धुतलेला सदरा घालून काठावर उभे होते, कारण पोर्टलवर फोटो जायचा होता.

पिशव्या उतरवायला सांगून मी तळं नीट पाहिलं. एका काठाला शिंगाड्याचे कोवळे वेल लावलेले होते. कमरेइतक्या पाण्यात एक बाई वेल सारखे करत होती. पदर हनुवटीपर्यंत.

"ये किसका है?"

"हमाई बहू को," हरप्रसाद म्हणाले. "छोटे भैया की घरवाली, रामकली. भैया तौ अब नईं रए."

सरकारी बीज मिश्र येतं. रोहू, कटला, मृगळ, आणि सोबत गवत्या, म्हणजे ग्रास कार्प. गवत्या भराभर वाढतो, कारण तो दिवसभर पाणवनस्पती खात असतो. शिंगाड्याचे वेल त्याला मेजवानीच. तोडणीपर्यंत त्या काठाला पान उरलं नसतं. रामकलीचं वर्ष त्याच वेलांवर चालतं.

"इन्हें बताया था, मछली आ रही है?"

हरप्रसाद पाण्याकडे बघत राहिले. "हम कैसें बताते?"

मग माझ्या लक्षात आलं. इकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. तोही तिच्याशी बोलत नाही. निरोप मधल्या माणसाकरवी जातात. तो मधला माणूस म्हणजे रामकलीचा नवरा, आणि तो गेल्या वर्षी वारला.

साहेबांना फोन लावला.

"सर, यहाँ सिंघाड़ा लगा है। ग्रास कार्प नहीं डाल सकते।"

"मैडम, आदेश मिश्रित बीज का है।"

"आदेश बनाने वाले ने तालाब नहीं देखा, सर।"

"तो छाँट लीजिए। मर गईं तो जवाब आप देंगी।"

आम्ही हापा बांधला. हापा म्हणजे उलट्या मच्छरदाणीसारखी जाळीची पेटी, चार बांबूंना बांधून पाण्यात सोडलेली. पिशव्या आधी तिच्यात नुसत्या तरंगू दिल्या, पिल्लांना तळ्याच्या पाण्याची सवय व्हावी म्हणून. मग पिल्लं हाप्यात सोडली. गवत्या ओळखायला कठीण नाही. लांबट, नळीसारखा, ठळक खवल्यांचा. पण हात भरपूर लागतात. हरप्रसाद धुतलेला सदरा काढून, कमरेवर हात ठेवत पाण्यात उतरले. मी रामकलीला सगळं समजावलं. ती हाप्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. मधे मी.

"मैडम जी, उनसें कओ मुट्ठी ना बाँधें," ती मला म्हणाली. "मछरियाँ मर जैहें."

ते हातभर अंतरावर होते. मी म्हटलं, "मुट्ठी मत बाँधिए।"

त्यांनी मूठ सैल केली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बहू सें कओ धूप में ना ठाँड़ी रए. हम कर लैहें."

"उनसें कओ पैलें अपनी कमर देखें."

"सुन लिया ना?" मी हरप्रसादांना विचारलं.

"आप कओ, तब सुनें."

मी सांगितलं. पदराआड ती हसली असावी, कारण पदर हलला.

दुपारपर्यंत निवड झाली. थोडी पिल्लं मेली, तेवढी मी लिहून दिली. रोहू, कटला, मृगळ तळ्यात सोडले. गवत्या रात्रभर हाप्यातच ठेवले आणि निघताना दोघांनाही बजावलं, की एखाददुसरा निसटला असणार. अहवालात एकच सूचना लिहिली: बीज पाठवण्याआधी त्या पाण्यात काय लावलं आहे ते विचारावं, आणि जिनं लावलं तिलाच विचारावं. साहेबांनी सही केली. पुढच्या आदेशात ती सूचना येईल असं मी धरून चाललेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत्या न्यायला पुन्हा गेले. सरकारी दवाखान्यामागचं तळं पाणगवतानं भरलंय, तिथे ते सोडायचे होते. तिथले डॉक्टर कधीपासून मागे लागले होते, आणि साहेबांनीही हो म्हटलं होतं.

शिंगाड्याच्या वेलांभोवती बांबू रोवून, दगड बांधून, घरातली मच्छरदाणी ताणलेली होती. हरप्रसाद तिचं शेवटचं टोक बांधत होते. रामकली काठावर उभी होती.

"मैडम जी, उनसें कओ चाय ठंडी हो रई."

हरप्रसादांना ते स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरी ते माझ्याकडे बघत थांबले. मी निरोप सांगितला आणि हाप्यातले गवत्या काढायला पाण्यात उतरले.