ब्रॅकेटचा बाक

मिस्त्रीला जगात कुणाचंच काम पसंत नव्हतं. शेजारच्या सुताराने केलेलं दार बघून तो नाक मुरडायचा, पलीकडच्या गल्लीतल्या वेल्डरला सरळ आंधळा म्हणायचा. पंचवीस वर्षं वेल्डिंगचं दुकान चालवून त्याला एवढंच कळलं होतं, की देवाने अक्कल वाटली तेव्हा रांगेत तो एकटाच उभा होता.

एकदा त्याच्या धाकट्या बहिणीने आपल्या पिकअपसाठी दोन जादा दिवे आणि ते धरायचे बाजारातले तयार ब्रॅकेट त्याच्याकडे बसवायला आणले. ती पहाटे धुक्यातून डेअरीला दूध पोचवायची. ऊन चढायच्या आत पोचलं नाही तर दूध नासायचं. गेल्या आठवड्यात धुक्यात रस्ता न दिसून गाडी दरीत जाता जाता वाचली होती. ते ऐकून मिस्त्री घाबरला, पण तसं बोलून दाखवेल तो मिस्त्री कसला? असले पत्रे भंगारवालाही उचलणार नाही, एवढं मात्र त्याने ऐकवलं.

खोक्यातल्या माहितीच्या कागदाला त्याने हात पुसले. मग ब्रॅकेटकडे वळला. वरच्या टोकाला पट्टी चार बोटं पुढे वाकवलेली होती. हे करणाऱ्याला धड सरळ रेघ मारता येत नाही, असं म्हणत त्याने तो बाक ग्राइंडरने उडवला आणि पट्टी सरळ जोडली. दिवे गाडीच्या पुढच्या जाळीला चिकटून झकास बसले. चोरांनी खोलू नयेत म्हणून नटांनाही वेल्डिंगचे टाके मारले. बटण दाबताच समोरची भिंत उजळली. सगळं नीट आहे ना, असं बहिणीने विचारलं, तर गडी चक्क रुसला.

चौथ्या दिवशी दुपारी ती परत आली. हातात दिवे होते आणि करवतीने कापलेले ब्रॅकेटचे तुकडे. पहाटे अर्ध्या वाटेत रेडिएटरचा पाइप सुटला होता. तो बसवायला तिने बॉनेट उचललं, तर ते दोन बोटं उघडून दिव्यांना अडलं. दिवे काढावेत तर नट हलेनात. करवत असलेला ट्रकवाला भेटेपर्यंत ऊन चढलं आणि गाडीतले आठही कॅन दूध नासलं.

तुझी गाडीच भिकार, असं मिस्त्री म्हणाला. टेबलाखाली पडलेला तो काळाकुट्ट कागद बहिणीने उचलला, झटकला आणि त्याच्यापुढे धरला.

"दादा, वाच. मोठ्याने."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. बॉनेट उघडायला जागा राहावी म्हणून पट्टीला बाक दिला आहे, इथवर त्याने कसंबसं वाचलं. शेवटच्या ओळीपाशी तो अडला. ती जागची हलली नाही.

"फिटिंग झाल्यावर," मिस्त्री पुटपुटला, "बॉनेट एकदा उघडून बघावे."

तिने कागदाची घडी घातली, दिवे उचलले आणि ती पलीकडच्या गल्लीतल्या आंधळ्याकडे गेली.