विरोधाची वेलांटी

माझे चुलतसासरे म्हणजे एकट्या माणसाचा देश आहे. त्याला हद्द आहे, कायदा आहे आणि शेजाऱ्याशी भांडण तर कायमचंच आहे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. भांडणाचं कारण एकच. आमचं गिरणाकाठचं साठ घरांचं गाव आणि पलीकडचं मोठं गाव मिळून एकच गट ग्रामपंचायत. नऊ मेंबरांत आमचे दोन. सभा त्यांच्या गावात, सरपंच त्यांचा, दिवे आधी त्यांच्या गल्लीत, आणि प्रत्येक ठरावाच्या शेवटी मात्र एकच शब्द, सर्वानुमते. तो ऐकला की नाना खाटेवरून उठून उभे राहायचे. "सर्वानुमते म्हंजे बठ्ठासनं मत. मी नही म्हनी राह्यनू, तरी बठ्ठा? मंग मी कोन शे, बैल?"

म्हणून नाना जिथे सही करत तिथे खाली 'विरोध' लिहीत. रेशनच्या दुकानात विरोध, दवाखान्यात विरोध. बँकेनं तर फॉर्म परत पाठवला. पुतणीच्या लग्नात पाच भांड्यांचा आहेर दिला आणि वहीत नावापुढे विरोध लिहिला. नवरीचा बाप घाबरला. "नाना, लगीनले इरोध शे का?" "लगीनले नही रे. सवय ऱ्हावाले पाह्यजे!"

काही वर्षांपूर्वी त्यांनी टीव्हीवर बातमी ऐकली. समुद्रापलीकडे पुष्कळ देशांनी मिळून एक संघ केला आहे आणि त्यातला एक देश लोकांचं मत घेऊन बाहेर पडला. नाना तीन दिवस जेवताना तेच बोलत होते. "आख्खा देश बाहेर पडस, मंग आपलं गाव काब्र नही?" आमचे हे म्हणाले, "नाना, बाहेर पडीसन त्यास्ना हाल व्हयनात म्हनतस." नाना म्हणाले, "व्हऊ दे. पन त्यास्ले कोनी इचारं तरी!" दुसऱ्या दिवसापासून ते वेशीच्या दगडावर बसून मोठ्या गावाच्या माणसांना अडवू लागले. "कथाईन उनात? काय काम शे?" तिकडचा दूधवाला एके दिवशी पासपोर्ट म्हणून पासबुक घेऊन आला. नानांनी ते उघडून नीट पाहिलं आणि त्याला आत सोडलं.

आम्ही हसायचो. हसलो याचाच आता संताप येतो. दोन वर्षांपूर्वी पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला. "वहिनी, ग्रामसभानी हजेरी शे. सही करा." पान वरून कोरं होतं. मी चौथी पास, वाचता येतं, पण परक्या माणसासमोर तोंड उघडत नाही. केली सही. गल्लीतल्या सगळ्यांनी केली. त्या कोऱ्या जागेत नंतर ठराव उतरला, की आमच्या विहिरीवर मोटार बसवून पाणी मोठ्या गावाच्या टाकीत न्यावं. सर्वानुमते! आता उन्हाळ्यात आमच्या बादलीला चिखल लागतो आणि त्यांच्या चौकात नळ उघडाच वाहतो. निर्लज्ज मेले! पाणी आमचं, तहान आमची, आणि मतही आमचंच दाखवलं. विरोध एकट्या नानांचा होता. तोही पांढरा रंग लावून झाकला. नाना मला एवढंच म्हणाले, "माय, तू तं शिकेल शे ना?" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा नानांना झटका आला, उजवी बाजू गेली. गेल्या आठवड्यात तोच शिपाई पुन्हा आला. पान तसंच कोरं. मी पदर सारखा केला आणि विचारलं, "वर काय लिहिणार?"

"ते मंग साहेब लिखतीन, वहिनी."

त्यानं नानांच्या अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. नानांनी डाव्या हाताची मूठ आवळली. वाकड्या तोंडातून एकेक शब्द आला. "अंगठाले... विरोध... लिखता येस नही."

"तुम्ही अंगठा द्या, नाना. मी लिहिते."

त्यांनी मूठ सोडली. अंगठ्याशेजारी मी विरोध लिहिला. खाली माझी सही केली, तिथेही लिहू लागले. शिपाई म्हणाला, "वहिनी, तुम्ही बी?" मी त्याच्याकडे पाहिलं आणि वेलांटी दीर्घ पडली. वीरोध. नाना बघत होते.

"ऱ्हस्व," ते म्हणाले.

मी पेन टेकवलं आणि थांबले. खोडलं असतं तर विरोध मागे घेतला, असं पंचायतीनं लिहिलं असतं.

"राहू द्या नाना, तशीच," मी म्हटलं. नाना हसले, अर्ध्याच तोंडानं.

वेशीचा दगड आता रिकामा असतो. दूधवाला मात्र अजून तिथे सायकल हळू करतो आणि खिशाला हात लावतो.