एका गावाची खोली

"खोल्या मिसळायच्या," असं लंडन ऑफिसचं फर्मान घेऊन ग्रॅहम आखातातल्या आमच्या मुसफ्फाच्या यार्डात आला. स्टीलचे सांगाडे बनवणारी कंपनी, मी तिथे एचआर बघायचे. लेबर कॅम्पमधल्या बहुतेक खोल्या एकेका गावाच्या होत्या.

तेव्हा इंग्लंडच्या काही शहरांत दंगली झाल्या होत्या. निरनिराळ्या समाजांना वेगवेगळं राहू दिलं हीच आपली चूक, असा वाद तिकडे पेटला होता. ग्रॅहम डायव्हर्सिटीचा सल्लागार. प्रत्येक खोलीत निदान तीन देशांची माणसं हवीत, असं तो म्हणाला. मी सांगून पाहिलं की तिकडे लोक कायमचे राहायला गेलेत, इथे प्रत्येकाला परत जायचंय. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

त्यात आमच्याकडे जी खोली, तीच कामावरची गँग. खोली फुटली की गँगही फुटणार.

ग्रॅहमने कामगारांची मीटिंग घेतली. मोकळेपणाने बोला, कुणालाही त्रास होणार नाही, असं त्याने सांगितलं आणि मी ते हिंदीत सांगितलं. मग गुहागरकडचा दत्ताराम उठला. तो रिगर, म्हणजे क्रेनला माल बांधणारा.

"साब, मेरे को फिट आता है. ये मेरे गाव का लोग मेरे को ऊपर चढने नहीं देता, खुद चढता है. दूसरे लोग को कैसा मालूम पडेगा?"

गाववाल्यांनी माना खाली घातल्या. त्यांनी ही गोष्ट इतकी वर्षं कंपनीपासून लपवली होती. शेजारी बसलेला सेफ्टी मॅनेजर हैदराबादचा, त्याला भाषांतराची गरजच नव्हती. ग्रॅहमला मी अर्थ सांगितला. तो खरोखर हळहळला आणि दत्तारामला थँक यू म्हणाला.

बाहेर आल्यावर सेफ्टी मॅनेजर म्हणाला, "मॅडम, अब मैंने सुन लिया. यार्ड में नहीं रख सकता."

त्याचं चूक नव्हतं. मी दत्तारामसाठी मेसमध्ये काम मागितलं. जीएम म्हणाले, जागा नाही, खलास. मग मी ग्रॅहमकडे गेले. तुम्ही शब्द दिला होता, असं सांगितलं.

"हा सेफ्टीचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे फक्त खोल्या आहेत."

मला इतका संताप आला की मी तडक उठले. दत्तारामचा व्हिसा कॅन्सल झाला. पासपोर्ट घ्यायला आला तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "मॅडम, काही होणार नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?"

खोल्या मिसळल्या, फोटो निघाले. ग्रॅहमचं विमान उडाल्यावर माणसांनी आपापसात कॉट बदलून पुन्हा पहिल्यासारखं केलं. कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून, कुणाला मोकळेपणाने बोला म्हणायच्या आधी मी साहेबांना विचारून घेते, तो बोलला तर आपण काय करणार आहोत. बहुतेक वेळा मीटिंग रद्द होते.