न्हाणीमागचा वाफा

माझं माहेर इंदापूरच्या जिरायत भागातलं. लग्न होऊन मी पणदऱ्याच्या बाजूला, नीरेच्या कालव्यावरच्या मळ्यात आले आणि चारी बाजूंना ऊस बघून आधी हरखले, मग कंटाळले. ऊस डोक्याच्या वर गेला की वस्तीवरून दुसरं काही दिसत नाही. दोन खोल्या आमच्या, दोन थोरल्या दिरांच्या, मध्ये अंगण. नवरा नव्यानंच निघालेल्या साखर कारखान्यावर कामाला होता. गाळप सुरू झालं की पंधरा-पंधरा दिवस तिकडंच असायचा. दीर दिवसभर रानात. बोलायला म्हणून माणूस एकच, माझी थोरली जाऊ.

मी त्यांना अक्का म्हणायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना मूल नव्हतं, आणि त्याबद्दल त्या कधी अवाक्षर काढत नसत. एकूणच बोलायच्या कमी. मी मात्र तोंडाचा पट्टा सोडायची आणि त्या चुलीपुढं बसून हं हं करत ऐकायच्या. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

मुलगी झाली ती सातव्या महिन्यातच. इतकी किरकोळ की बघायला आलेल्या बायका माझ्याकडं न बघता छपराकडं बघायच्या. ती तगली. पण एकेक घास तिच्या अंगाला लागतो की नाही, हे बघण्यापलीकडं मला दुसरा उद्योग राहिला नाही.

त्याच सुमाराला मळ्यात पांढरं खत येऊ लागलं. सगळे त्याला सल्पेट म्हणायचे. दिसायला साखरेसारखं. उसाच्या बुडात मूठभर टाकून पाणी दिलं की आठवड्याभरात पानं काळीभोर. दीर तर त्याच्या प्रेमातच पडले होते. मग एके दिवशी आमच्या कालवडीनं त्या खताचं फुटकं पोतं चाटलं आणि संध्याकाळपर्यंत ती पाय झाडून मेली. मी मुलीला कडेवर घेऊन उभी होते. तिथंच मी ठरवलं, हे खत घातलेलं काहीही माझ्या लेकीच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही.

घरात सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. दिरांचं म्हणणं, खत पिकाच्या पोटात जातं, माणसाच्या नाही. नवरा सुट्टीत आला तेव्हा त्यानंही तेच सांगितलं, फक्त साहेबाच्या थाटात. हल्ली माझी नात बाळासाठी भाजी आणते त्या पिशवीवर ‘सेंद्रिय’ असं छापलेलं असतं आणि लोक तिला जाणती म्हणतात. मला तेव्हा हट्टी म्हणायचे.

हट्टी तर हट्टी. मी न्हाणीच्या मागं एक वाफा केला. पाटाचं पाणी उसातून येतं, त्याबरोबर खतही येणार, म्हणून त्याला फक्त न्हाणीचं पाणी. खाली जुनं, कुजलेलं शेणखत. तांदुळजा, पालक आणि कडेला दुधीचा एक वेल लावला. उष्टावण झाल्यावर मुलीला मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी, आणि भाजी द्यायची ती फक्त त्या वाफ्यातली. इतर कुणी तिथलं पान खुडलेलं मला खपत नसे.

भाजी शिजवायची मी, पण भरवायच्या अक्का. माझ्या हातचा घास पोरगी थुंकून टाकायची. अक्का भाकरीचा पापुद्रा भाजीत कुस्करायच्या, तुपाचं बोट लावायच्या, हा काऊचा, हा चिऊचा करत वाटी रिकामी करायच्या. एरवी न बोलणारी ती बाई घास भरवताना किती बोलायची! मला थोडा हेवा वाटायचा, पण वाटी रिकामी दिसली की तोही जायचा.

थंडी सरता सरता वाफा पिवळा पडायला लागला. पानं लहान, कडेनं करपलेली. मी राख घातली, शेणाचं पाणी घातलं, दुसरं काय करणार? रोज सकाळी वाफ्यापुढं जाऊन उभी राहायची आणि कुणाला काही सांगायची नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी हसून घेतलं असतं.

आणि मग आठ-दहा दिवसांत वाफा उठला. तळहाताएवढी पानं, हिरवीगार. मी इतकी फुशारले की विचारू नका. दिरांना मुद्दाम बोलावून वाफा दाखवला. अक्कांना तर शेणखताचं माहात्म्य दोन दिवस ऐकवलं. त्या मान हलवत होत्या.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी अंगणात अक्का मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरीला दात येत होते, हाती लागेल ते ती चावायची. तिनं अक्कांच्या पदराची गाठ धरली आणि तोंडात घातली. अक्कांनी झडप घालून पदर ओढला आणि पोरीच्या हातावर फटका मारला. त्यांनी तिला मारलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. पोरगी कळवळून रडली. मी उठून गाठ सोडली. आत चिमूटभर सल्पेट होतं.

अक्का खाली बघत म्हणाल्या, “वाफा पिवळा पडला व्हता. तू रोज तितं जाऊन हुबी ऱ्हायाचीस. मला बघवंना. म्हून घातलं, चिमूट चिमूट.”

मला त्यातलं ‘बघवंना’ ऐकूच आलं नाही. मी पोरीला त्यांच्या मांडीवरून उचललं आणि म्हणाले, “तुमास्नी लेकराचं काय कळणार, अक्का?”

त्या पदर झटकून उठल्या आणि आत गेल्या. मी तशीच वाफ्यात शिरले आणि सगळी भाजी मुळासकट उपटून टाकली, दुधीचा वेलसुद्धा.

त्यानंतर अक्का अंगण ओलांडून आमच्या बाजूला आल्या नाहीत. भांडण नाही, टोमणा नाही. सकाळी दोन चुलींचा धूर निघायचा आणि दोघी आपापल्या दारात भाकरी थापायच्या. मुलगी रांगत त्यांच्याकडं निघाली की मीच धरून आणायची. बोलायची सवय असलेलं माणूस गप्प बसलं की स्वतःचाच राग येतो. मी पोरीशी बोलायची, म्हशीशी बोलायची. एक वाक्य अक्कांशी बोलायचं होतं, ते मात्र ओठावर येऊन परत जायचं. चूक त्यांची आहे, असं मी स्वतःला बजावत होते. कालवड डोळ्यांपुढं मेली होती, माझं भय खोटं नव्हतं. पण जे बोलले ते भयानं नव्हे, हेव्यानं बोलले होते, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

वाफा मी पुन्हा पेरला. मग दर चार-आठ दिवसांनी सकाळी वाफ्याच्या कडेला शेणखताची एक पाटी दिसू लागली. चाळलेलं खत, एक खडा नाही. वस्तीवर खत चाळणारं दुसरं कोण होतं? मी ते वाफ्यात पसरायची आणि पाटी त्यांच्या ओट्यावर ठेवून यायची. कधी हाक मारली नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी भावाभावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्यांच्या वाट्याला वडगावकडचं रान आलं. गाडीत सामान चढलं तेव्हा मी मुलीला घेऊन पाया पडायला गेले. अक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवला, मग तिचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या.

“खाती का गं भाजी आता?”

“खाती की,” मी म्हणाले.

ती खात नव्हती. त्या दुपारपासून तिनं भाजीचा एक घास गिळला नव्हता. अक्कांना मात्र बरं वाटलेलं दिसलं. त्या गाडीत बसल्या आणि गाडी उसाच्या आड गेली.

मी घरात येऊन तांदुळजा शिजवला. भाकरीचा पापुद्रा कुस्करला, तूप लावलं, काऊचा घास, चिऊचा घास केला. पोरीनं तोंड फिरवलं आणि दाराकडं बघत बसली. वाटी शेवटी मी एकटीनंच संपवली.